ऐंशी बाय एकशेदहा

गेल्या वर्षी वैशाखात जावईबापूंचा फोन आला. ते दापोलीला असतात, कृषी विद्यापीठात. "मामा, एक फोटो पाठवलाय. इंजिन कोणतं ते सांगता येतंय का बघा."

फोटोत हर्णैच्या वाळूवर ओढून ठेवलेली लाकडी होडी होती. रंगाचे पोपडे उडालेले, फळ्यांच्या सांध्यांतून कापूस लोंबत होता आणि पोटात दोन सिलेंडरचं इंजिन, गंजून विटेच्या रंगाचं झालेलं. होडीचा धनी, म्हणजे म्हातारा तांडेल, वारून बरीच वर्षं झाली होती. त्याचा नातू, पंचविशीतला पोरगा, आजोबांची होडी परत पाण्यात घालायचीच म्हणून इरेला पेटलेला. इंजिनावरची पाटी कुणीतरी पितळेच्या भावानं मोडीत घातली असावी. दोन दुकानदारांनी फोटो बघून दोन निरनिराळी नावं सांगितली होती. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत: याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन इंजिन घ्या.

मी पोराला निरोप धाडला, "फोटो पाहून इंजिन ओळखणारा एक तर देव असतो, नाहीतर दुकानदार. हेड काढ आणि माप सांग."

पाथरीच्या माणसानं समुद्रातल्या इंजिनाबद्दल बोलावं याचं कुणाला हसू येईल. पाथरी म्हटलं की बाहेरचे लोक साईबाबांच्या जन्मस्थानाचं विचारतात. २०२० च्या जानेवारीत त्यावरून शिर्डी बंद झाली होती, तेव्हापासून जरा जास्तच. इतिहासाची गोडी असलेला एखादा निजामशाहीचं विचारतो. अहमदनगरच्या त्या घराण्याचं मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांत होतं असं फेरिश्ता लिहून गेला, आणि या गावापायी नगर आणि वऱ्हाडच्या सुलतानांच्या लढाया झाल्या. इंजिनाचं कुणी विचारत नाही. पण दोन पिढ्या आमचं घर इंजिनावर जगलं. सेलू रस्त्याला आमचं पत्र्याचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिस्त्री, मी त्यांच्या हाताखालचा आणि पुढं मिस्त्री.

अण्णा निजामाच्या राज्यातले. मानवतच्या जिनिंगमध्ये तेलपाण्याला लागले, तिथंच इंजिन शिकले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात इंजिन आधी कापसासाठी आलं, मग पिठाच्या गिरणीसाठी आणि सगळ्यात शेवटी विहिरीसाठी. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली, तिच्यावरचं मानवत रोड आमचं स्टेशन. पुण्या-मुंबईकडून निघालेली पेटी ब्रॉडगेजनं मनमाडपर्यंत यायची. तिथं हमाल ती मोठ्या डब्यातून उतरवून लहान डब्यात चढवायचे आणि निम्मी मोडतोड तिथंच व्हायची. शिवाय राज्याची हद्द ओलांडली म्हणून निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, फेरा वेगळा. तिथून पुढं बैलगाडी. १९४८ नंतर करोडगिरी गेली. मनमाडची हमाली जायला मात्र ब्रॉडगेज यावी लागली, आणि तिला १९९० चं दशक उजाडलं. अण्णा म्हणायचे, "पार्ट मागवला की दोन महिने वाट बघायची. म्हणून मागवायच्या आधी चारदा मोजायचं." आमच्या धंद्याची मुळाक्षरं ती एवढीच.

त्या काळात या भागात कोणकोणती इंजिनं होती ते अण्णांच्या वहीत आहे. ही वही उर्दूत. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस, त्याची आकडेमोडही उर्दूतली. मी मराठी शाळेचा, मला त्यातलं काही वाचता येत नसे. अण्णा गेल्यावर शेजारचे चाचा मला ती वाचून दाखवायचे, आणि त्यांच्याकडून मी निदान आकडे तरी शिकलो. उर्दूतला आठ म्हणजे घराच्या छपरासारखा, खाली उघडा. शून्य म्हणजे नुसतं टिंब. एक म्हणजे उभी काठी. वहीत पानामागून पान एकच खूण दिसायची: छप्पर आणि टिंब, मग फुली, मग दोन काठ्या आणि टिंब. ऐंशी बाय एकशेदहा. म्हणजे सिलेंडरचा व्यास ऐंशी मिलिमीटर आणि पिस्टनची धाव एकशेदहा.

हे माप पाच हॉर्सपॉवरच्या एव्ही-१ इंजिनाचं. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याला खडकीत ऑइल इंजिनाचा स्वतंत्र कारखाना काढला. शंतनुरावांचा तो उद्योग, आणि त्याला हात लावला ब्रिटिश ऑइल इंजिन्स या इंग्लंडातल्या समूहानं. त्या गोतावळ्यातलं पेटर हे जुनं घराणं. मूळचं येओव्हिलचं, नंतर स्टेन्सला गेलेलं. (याच पेटरांनी १९१५ साली विमानांचं काम अंगावर घेतलं आणि त्यातून वेस्टलँड कंपनी निघाली, हेलिकॉप्टरवाली. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचे चुलतभाऊ आकाशात उडत होते हे मला फार उशिरा कळलं.) पेटरचं एव्ही हे मॉडेल उभ्या सिलेंडरचं, पंधराशे फेऱ्यांचं, ऐंशी बाय एकशेदहाचं. किर्लोस्करचं एव्हीही त्याच मापाचं. पेटरनं ते जमिनीसाठी केलं आणि होडीसाठीही केलं. इथं ते विहिरीवर बसलं, किनाऱ्यावर होडीत बसलं.

त्याच्या आधीची दोन नावं घेतली पाहिजेत. एक सातारा रोडचं कूपर. धनजीशा कूपर यांनी १९२० च्या दशकात लोखंडी नांगराचा कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिन केलं. देशात डिझेल इंजिन करणाऱ्या पहिल्यांत त्यांचं नाव घेतात. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले, तीनेक महिन्यांपुरते. कूपर आडवं इंजिन, बैठं, पसरट, जणू म्हैस. पाथरीत एका तेलघाण्यावर होतं.

दुसरं लिस्टर, इंग्लंडातल्या डर्सली गावचं. सहा हॉर्सपॉवरचं लिस्टर म्हणजे साडेचार इंच बाय साडेपाच इंच, मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही अंगांना दोन जड चाकं. गिरणीचं इंजिन ते हेच. फोर स्ट्रोक असल्यानं दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे. ते एकेक मोजता येत असत. धुराड्याच्या तोंडाशी गिरणीवाला डबा अडकवायचा, तो प्रत्येक ठोक्याला वाजायचा, आणि दोन कोसांवरच्या बायकांना कळायचं की गिरणी सुरू झाली, दळण घेऊन निघा. ही पिठाच्या गिरणीची जाहिरात. लिस्टरची पुढं राजकोटला इतकी नक्कल झाली की खरं कोणतं आणि राजकोटी कोणतं हे आम्हीही ओतकामाच्या गुळगुळीतपणावरून सांगायचो. त्यात कमीपणा काही नव्हता. इंग्लंडात लिस्टरनं हे इंजिन बंद केलं तरी राजकोटच्या भट्ट्यांत त्याचे पार्ट ओतले जात राहिले, म्हणून आजही त्याचं सामान मिळतं. अस्सल गेलं आणि नकलेनं त्याला जगवलं.

अंग सगळ्यांचंच बिडाचं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगताना घोटाळा होतो, कारण आमच्या शेजारचा जिल्हाही बीड. "इंजिन बिडाचं आहे" म्हटलं की तो विचारतो, बीडमध्ये कारखाना कुठाय?

विहिरीवर इंजिन यायच्या आधी मोट होती. धावेवरून बैल उतरायचे, नाडा ताणायचा, चामड्याची मोट थारोळ्यात रिकामी व्हायची. मोट मोडली ती एका दिवसात नव्हे. माझ्या लहानपणी एका विहिरीवर एका बाजूला मोट आणि दुसऱ्या बाजूला इंजिन असं मी पाहिलंय, कारण म्हाताऱ्याचा इंजिनावर विश्वास नव्हता आणि पोराचा बैलांवर. तगाई आणि भूविकास बँकेच्या कर्जानं इंजिनं वाढली. मग १९७२ चा दुष्काळ आला. पाणी इतकं खाली गेलं की वर ठेवलेला पंप ते ओढेना. हवेच्या दाबाचा नियम गरिबाला माफ नसतो: पुस्तकात दहा मीटर लिहिलेले असतात, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढं पंप पाणी खेचत नाही. मग लोकांनी इंजिनच विहिरीत उतरवलं. अर्ध्यावर कपार खोदायची, लाकडं टाकायची, इंजिन दोरांनी खाली सोडायचं. धूर बाहेर काढायला नळी लांबवायची, ती फुटली की धूर विहिरीतच. अशा विहिरीत उतरलेली माणसं परत आली नाहीत, असं त्या दोन वर्षांत आसपासच्या गावांत घडलं. अण्णांनी तेव्हा एक रीत लावून घेतली: विहिरीतल्या इंजिनाला हँडल मारायला उतरायच्या आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. पण चालत्या इंजिनाचा विषारी वायू कंदिलाला ओळखू येत नाही, हे मला पुढं कळलं. तेवढ्यावर विसंबून मी स्वतः कितीदा उतरलो ते आठवलं की अंगावर काटा येतो.

गंगथडीच्या गावांची तऱ्हा वेगळी. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. ढालेगाव, मुदगल, गुंज इकडचे शेतकरी इंजिन गाडीवर बसवून नदीकाठी न्यायचे आणि पावसाळा लागला की वर ओढून आणायचे. कधी ओढायला उशीर व्हायचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीचं पाणी सुटलं तेव्हा कितीतरी इंजिनं गाळात गेली. पूर ओसरल्यावर आमच्या दुकानासमोर चिखलानं भरलेल्या इंजिनांची रांग लागली होती. बुडालेल्या इंजिनाचं पहिलं औषध म्हणजे घाई: पाण्याबाहेर काढल्या दिवशीच नोझल उघडायचं, आत डिझेल ओतायचं आणि चाक हातानं फिरवत राहायचं. हवा लागून गंज धरला की पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीला, चिकटल्याच. पाण्यात महिनाभर राहिलेलं वाचतं, बाहेर काढून आठ दिवस तसंच ठेवलेलं वाचत नाही. होडीच्या इंजिनाचं मला जे काय कळलं ते या रांगेत.

आता आट्यांची गोष्ट, कारण पार्ट ओळखण्यात लोक तिथंच फसतात. मी सोळा वर्षांचा असताना एका जुन्या विलायती इंजिनाच्या हेडचा नट हरवला. अर्ध्या इंचाचा. मी डब्यातून अर्ध्या इंचाचा नट काढून चढवला. दोन फेरे सुरेख गेला, तिसऱ्याला जड झाला. मला वाटलं गंज असेल. पान्याला पाइप लावून जोर दिला. आटे चुरगळले, स्टड कापावा लागला. अण्णांनी कानाखाली वाजवली आणि मग शांतपणे तो नट पट्टीवर धरून मला आटे मोजायला लावले. एका इंचात तेरा. स्टडवर मोजले, बारा. बारा म्हणजे इंग्रजी व्हिटवर्थ, तेरा म्हणजे अमेरिकन. आणि त्याच अर्ध्या इंचात सोळा असले तर ब्रिटिश फाइन. तिघंही अर्धा इंचच म्हणवून घेतात. पुढं मेट्रिक आलं. कायदा १९५६ चा, पण आमच्या डब्यात इंच आणि मिलिमीटर वीस-पंचवीस वर्षं एकत्र नांदले. अजूनही सुतार आणि मिस्त्री सुताशिवाय बोलत नाहीत. आठ सूत म्हणजे इंच.

हर्णैच्या पोरानं हेड काढलं, त्याला चार दिवस लागले. संध्याकाळी व्हिडिओ कॉल.

"काका, व्यास ऐंशी पॉइंट नऊ."

"कुठं मोजलास?"

"वरच."

"वर कुठं?"

त्यानं बोट लावून दाखवलं. जिथं पिस्टनच्या रिंगा वर येऊन थांबतात आणि लायनर सगळ्यात जास्त झिजतो, नेमकं तिथं. एका दुकानदारानंही हेच माप धरलं होतं आणि तीन इंच दीड सूत असं ठरवून भलत्याच इंजिनाचं नाव सांगितलं होतं. तीन इंच दीड सूत म्हणजे जवळपास एक्क्याऐंशी मिलिमीटर. हिशेब चुकलेला नव्हता, मोजायची जागा चुकलेली होती. मी म्हटलं, "पिस्टन पार वर ने आणि लायनरच्या तळाशी माप, जिथं रिंग पोचत नाही." वरची कडा गंजानं खाल्लेली होती, म्हणून तळ. पोरगा होडीच्या पोटात आडवा पडला. बराच वेळ फोनवर नुसतं आभाळ आणि एक घार दिसत राहिली. मग आवाज आला, "बरोब्बर ऐंशी, काका."

"आता धाव. पिस्टन वर असताना खोली माप, खाली गेला की परत माप, वजाबाकी कर."

एकशेदहा.

मी अण्णांची वही उघडून त्याला कॅमेऱ्यात छप्पर, टिंब, दोन काठ्या आणि टिंब दाखवलं. त्याला वाटलं मी काही मंत्रतंत्र दाखवतोय.

पेटर की किर्लोस्कर, हा प्रश्न तरीही राहिला. त्यानं विचारलं, डिझेलच्या पंपावर सीएव्ही लिहिलंय, मग विलायती ना? मी म्हटलं पंपावर जाऊ नकोस. पंप आणि नोझल ही इंजिनाची चप्पल आहे, झिजली की दुसरी घालतात. हे पंप करणारी बेंगळुरूची मायको १९५१ साली निघाल्यावर विलायती इंजिनांवर देशी पंप चढले आणि देशी इंजिनांना कुणाकुणाचे विलायती. स्टडचे आटे बघ. त्यानं मोजले, इंचाचेच निघाले. यावरून एवढं नक्की झालं की इंजिन जुनं, मेट्रिकच्या आधीच्या घडणीचं. घराणं एकदा कळल्यावर पार्टसाठी तेवढं पुरतं. आत्याची असो की मामाची, पोर घरातलीच.

होडीत हे इंजिन आलं कसं, हे त्यालाच विचारलं. त्याच्या आजोबांनी शिडाच्या होडीतून धंदा सुरू केला होता. कोकणकिनाऱ्यावर होड्यांना इंजिनं बसायला लागली ती १९५० च्या दशकात, आणि त्यात सातपाटीचे कोळी पुढे होते. सरकारनं मच्छीमार सोसायट्यांमार्फत कर्ज आणि अनुदान दिलं. आमच्याकडे विहिरीला तगाई, तिकडे होडीला सोसायटीचं कर्ज. सालं साधारण तीच, हप्ते थकवायची पद्धतही तीच असणार. वाऱ्याची वाट बघत बसायचं सरलं, शीड गुंडाळून ठेवलं गेलं. आमच्या गंगेवरच्या नावेला मात्र इंजिन कधी लागलं नाही. बांबू आणि वल्हं, आणि ढालेगावच्या पुलावरून मोटारी धावू लागल्यावर तेही नाही.

पार्टची यादी केली. दोन लायनर, दोन पिस्टन, रिंगांचे दोन संच, हेडचं पॅकिंग, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, दोन्ही नोझल आणि समुद्राचं पाणी खेचणारा पंप. लायनर निघता निघेना. तो वरून कॉलरवर बसतो आणि तळाशी रबरी रिंगांनी पाणी अडतं. मधल्या जागेत मीठ दगडासारखं धरलेलं. आमच्या मचूळ विहिरींच्या पाण्यानं अगदी असाच पांढरा खार धरतो, मी तो कितीदा छिन्नीनं काढलाय. कारण दोन्हीकडे एकच: गार ठेवायला जे पाणी समोर असेल तेच इंजिनातून फिरवायचं. विहिरीवर पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनाला दिलेली असते. शेतकऱ्याला वाटतं जितकं गार तितकं चांगलं, म्हणून तो तोटी पूर्ण सोडतो. इंजिन इतकं थंड राहिलं तर डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल होऊन लायनरला चाटत राहतं. बाहेर पडणारं पाणी चांगलं गरम हवं, हात घातला तर क्षणभर सोसेल इतपत. हे मी चाळीस वर्षं सांगितलं, ऐकलं दहाएक लोकांनी. पोराला सांगितलं, डिझेल ओत आणि दोन दिवस हात लावू नकोस. तिसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा लावून खालून हळूहळू ठोकल्यावर लायनर निघाला.

पाथरीत जुन्या इंजिनाचं सामान शोधणं म्हणजे आता श्राद्धाच्या जागी नवरदेव शोधणं. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी घातला. पुढं डावा कालवा आमच्या भागात आला, वीज आली, पाच हॉर्सपॉवरची मोटर आली. बटन दाबलं की पाणी, हँडल मारून मनगट मोडायची भीती नाही. इंजिनं गोठ्यात गेली, कोंबड्या त्यावर बसू लागल्या. २००५ च्या आसपास लोडशेडिंग चौदा-चौदा तासांचं झालं तेव्हा लोकांनी त्यांना परत बाहेर काढलं आणि मला दोन-तीन वर्षं मरायला फुरसत नव्हती. मग तेही सरलं. भंगारवाले दारोदार फिरले. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागतं, लोखंड तिकडे गेलं. बीड वेगळं काढून ते ओतकामाच्या कारखान्यांत गेलं. आजच्या एखाद्या मॅनहोलच्या झाकणात पाथरीचं लिस्टर असू शकेल.

तरी ऐंशी बाय एकशेदहा हे माप मेलेलं नाही. लायनर, पिस्टन, रिंगा आणि पॅकिंग परभणीच्या दुकानात मिळालं, म्हणजे एकाच सिलेंडरपुरतं, कारण दुकानदाराकडे उरलेला तो शेवटचा संच. दुसरा माझ्याच माळ्यावर निघाला, ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळलेला, १९९४ साली एका गिऱ्हाइकानं मागवून न नेलेला. त्याचे पैसे अजून येणे आहेत. नोझल नांदेडहून. व्हॉल्व्ह जुनाच, गावातल्या लेथवर घासून घेतला. समुद्राच्या पाण्याचा पंप आमच्या जगातली वस्तूच नव्हे. त्यासाठी पोरगा मुंबईला दारूखान्यात गेला. तिथं जुनी जहाजं मोडून त्यांचं सामान विकतात. बुश गनमेटलचंच असलं पाहिजे एवढं मी बजावलं होतं, समुद्रात लोखंडी किंवा नुसत्या पितळी बुशाचा भरवसा नाही. त्यानं तीन पंप पाहिले, चुंबक बरोबर नेलं होतं. गरम झालेल्या एक्झॉस्टभोवती पाणी फिरवणारी जी पेटी असते ती कुठंच मिळाली नाही. जुन्या तुटक्या पेटीवरून त्यानं लाकडाचा फर्मा करून घेतला आणि नवी ओतून आणली. फर्मा करताना ओतीव आटतं म्हणून इंचाला थोडं जास्त धरावं लागतं, ते होडी बांधणाऱ्या सुताराला ठाऊक नव्हतं. पहिली पेटी बोल्टांच्या भोकांना जुळली नाही. दुसरी जुळली.

लायनर मी एसटीनं पाठवले. बीड कडक असतं पण ठिसूळ, आपटलं की चीर जाते आणि चीर डोळ्याला दिसत नाही. मनमाडचे हमाल आठवले. म्हणून लाकडी खोक्यात सरकी काढलेला कापूस ठासून भरला, दोन किलो तरी असेल. पोरानं लायनर बसवले आणि कापूस पिळून फळ्यांच्या सांध्यांत ठोकला. त्याला वाटलं मी तो त्यासाठीच पाठवलाय.

बसवताना रिंगांचा तोंडाशी गॅप तपासायला मी त्याला ब्लेड वापरायला शिकवलं. व्यासाच्या प्रत्येक इंचाला तीन-चार हजारांश इंच. ऐंशी मिलिमीटरला अंदाजे पाऊण ते एका सुताचा दहावा भाग म्हणा. त्यानं विचारलं, मिलिमीटरमध्ये सांगा ना काका. पाव मिलिमीटर, जरासं वर, म्हटलं. सूत त्याच्या पिढीला जड जातं.

दिवाळीच्या आधी त्यानं इंजिन सुरू केल्याचा आवाज फोनवर पाठवला, नुसता आवाज, बावीस सेकंदांचा. मागे लाटा, कुणाची तरी आरोळी आणि इंजिन. मी तो जेवताना तीनदा ऐकला. बायको म्हणाली, "आता काय नातवाचं रडणं ऐकताव का काय?" पंधराशे फेऱ्यांत ठोके मोजता येत नाहीत, लिस्टरसारखे. कानानं तोल बघावा लागतो.

मी त्याला फोन लावला. "गुळगुळीत नाही. दोन नंबर मागे राहतोय. दोन नंबरच्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल कर, इंजिन चालू ठेवून. बुडबुडे निघाले तर हवा आहे, ती जाऊ दे आणि परत आवळ. बुडबुडे नाही निघाले तर नोझल उघडून मला पाठव. एसटीनंच पाठव, कापूस घालून."